खोपोलीची सहल : राहायचे की रात्रीच परतायचे?

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या पतपेढीच्या टेबलावर कर्जाच्या अर्जांबरोबर आणखी एक प्रश्न येतो. "इमॅजिकाला जायचं ठरतंय. तिथल्या हॉटेलात राहावं का हो?" विचारणारी माणसे आपल्यातलीच. कोणी महापालिकेच्या सफाई खात्यात, कोणी बेस्टमध्ये, कोणी दवाखान्यात आया, कोणाची स्वतःची रिक्षा. मुलांनी शाळेत ऐकलेले असते, मोबाईलवर पाहिलेले असते. तिकिटाचे पैसे कसेबसे जमतात, पण हॉटेलचा आकडा ऐकला की बाप गप्प होतो आणि आई म्हणते, "कशाला, रात्रीच परत येऊ." मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, निम्मे आयुष्य व्हाऊचर आणि खतावण्यांत गेले, म्हणून लोक हा प्रश्न माझ्याकडे आणतात. मी तिथे तीनदा जाऊन आलो. दोनदा रात्रीच परतलो, एकदा राहिलो. त्या तिन्ही खेपांचा जमाखर्च येथे मांडतो.

खोपोली हे बोरघाटाच्या पायथ्याचे गाव. कर्जतला गाडी बदलायची किंवा थेट खोपोली लोकल पकडायची. पण या फाट्यावर गाड्या विरळ, एक चुकली की फलाटावर चहा पीत बसावे लागते. लोणावळ्याकडच्या धरणांचे पाणी मोठमोठ्या नळांतून घाट उतरवून टाटांनी १९१५ मध्ये येथे वीज निर्माण करायला सुरुवात केली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्या रिंग खात्यांत आपले आजे-पणजे उभे राहिले, ती खाती या पाण्याच्या विजेवर चालली. हे मी बसमध्ये मुलांना सांगितले तेव्हा एकानेही मान वर केली नाही. माझ्या आईने मात्र खिडकीतून ते नळ शोधायला सुरुवात केली.

इमॅजिका खुद्द गावात नाही. स्टेशनवरून पालीच्या रस्त्याला लागायचे. काही किलोमीटर पुढे खालापूर तालुक्यातच सांगडेवाडी येथे ते आहे. मनमोहन शेट्टी यांनी एप्रिल २०१३ मध्ये ते सुरू केले. २०१४ मध्ये शेजारी वॉटर पार्क झाले आणि २०१५ मध्ये अगदी लागून नोव्हॉटेल हे हॉटेल उघडले; त्याच्या खोल्या २८७. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली आलेली ही कंपनी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने घेतली. एवढा मोठा पसारा कर्जात का जातो, याचे उत्तर पुढे येईलच.

आपल्या पिढीला अशा जागेची ओळख झाली ती गोराईच्या एस्सेलवर्ल्डमुळे. ते १९८९ मध्ये सुरू झाले. लाँचमधून खाडी ओलांडायची, दिवसभर पाळण्यांत बसायचे आणि संध्याकाळच्या लाँचने घर गाठायचे. रात्री तिथे राहावे, असे कोणाच्या मनातही आले नाही, कारण मुंबई समोरच दिसत होती. एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे. खोपोली मात्र मुंबईपासून दूर आहे, आणि हॉटेलचा सारा धंदा या 'दूर' शब्दावर उभा आहे.

हा धंदा सुरू कसा झाला, ती गोष्ट मोठी मजेची आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम येथे डिस्नेलँड काढले, तेव्हा सगळे पैसे पार्कातच संपले. हॉटेल बांधायला काही उरले नाही. म्हणून जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्या व्यावसायिकाने तिथे हॉटेल उभारले; नावात डिस्नेलँड, पण मालकी रॅदरची. ते हॉटेल डिस्ने कंपनीच्या हातात यायला १९८८ साल उजाडले. तोवर पार्काच्या भोवती रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटेलांच्या रांगा लागल्या. गर्दी डिस्नेने जमवायची आणि तिच्या झोपण्याचे पैसे दुसऱ्याने घ्यायचे, असा तो प्रकार. यात्रा देवस्थानाची आणि मिळकत धर्मशाळावाल्याची, असे आपल्याकडे दिसते, तसेच.

वॉल्टसाहेबांनी हे मनाशी धरले. दुसऱ्या पार्कासाठी फ्लोरिडात त्यांनी गुपचूप, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी, सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचे आपले मुंबई शहर त्यात सहज मावून वर जागा उरेल. आजूबाजूला दुसऱ्या कोणाचे मोटेल उभे राहू नये, हा त्यामागचा एक हेतू होता. वॉल्ट १९६६ मध्ये गेले; पार्क १९७१ मध्ये उघडले आणि त्याच दिवशी कंपनीची दोन हॉटेलेही उघडली. त्यातल्या एकाच्या खोल्या जवळच्या कारखान्यात पोलादी सांगाड्यांत तयार करून, क्रेनने उचलून इमारतीत बसवल्या होत्या. त्या इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते.

आपल्या दृष्टीने त्यापुढचा भाग महत्त्वाचा. वीस-बावीस वर्षे ही हॉटेले चांगल्या पगाराच्या माणसांसाठीच राहिली. बेताच्या कमाईचे कुटुंब पार्कात यायचे आणि झोपायला बाहेरच्या स्वस्त मोटेलात जायचे. मग १९९४ मध्ये कंपनीने 'ऑल-स्टार' नावाची स्वस्त हॉटेले काढली. बाहेर इमारतीएवढ्या उंचीची गिटार, भले मोठे फुटबॉल; आत मात्र साधी छोटी खोली आणि बाहेरून मोकळा व्हरांडा, चाळीसारखा. पोरांना गिटारीसमोर फोटो काढण्यात धन्यता वाटते, त्यामुळे खोली लहान आहे हे कोणी बोलत नाही. मला यात लबाडी वाटत नाही. थाट बाहेर ठेवला आणि भाव खाली आणला, एवढेच. याच जातीच्या २०१२ मध्ये उघडलेल्या एका हॉटेलात सहा माणसांच्या कुटुंबासाठी मोठ्या जोडखोल्या आहेत. आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांनी हे पाहून यावे.

कारण आपल्याकडची मोठी अडचण खोलीच्या भाड्यापेक्षा माणसांच्या मोजणीची आहे. हॉटेलची खोली म्हणजे दोन मोठी माणसे आणि एखाद-दुसरे लहान मूल, असा त्यांचा हिशोब. आपले कुटुंब म्हणजे नवरा, बायको, तीन मुले आणि म्हातारी आई. झाल्या दोन खोल्या. किंवा एक खोली आणि 'एक्स्ट्रा बेड', त्याचे पैसे निराळे. मूल कितव्या वर्षापर्यंत फुकट, हा नियम जागोजागी वेगळा. तेव्हा फोन करताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. "आम्ही इतकी माणसं, मुलांची वयं ही ही. किती खोल्या लागतील आणि कर धरून एकूण किती?" असे विचारा आणि उत्तर लेखी मागवून घ्या. भाव रोज बदलतात, शनिवार-रविवारी चढतात, म्हणून येथे आकडा छापत नाही. छापला तर अंक हाती पडेपर्यंत शिळा होईल.

कराची मात्र एक गोष्ट पाठ करून ठेवण्यासारखी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपये किंवा त्याहून कमी असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेले की १८ टक्के. समजा खोली ७,४०० रुपयांची आहे. कर ३७०, एकूण ७,७७०. तीच खोली ७,६०० ची असेल तर कर १,३६८ आणि एकूण ८,९६८. भाड्यात फरक दोनशेचा, खिशात फरक ११९८ चा. महागड्या हॉटेलांतल्या उपाहारगृहातल्या जेवणावरही १८ टक्के लागू शकतो; बाहेरच्या साध्या खानावळीत ५. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त लावले म्हणून हुज्जत घालू नये. हॉटेलांना ती मुभा असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. आपली बाटली भरून घ्यावी. सर्व्हिस चार्जचे उलटे आहे. तो आपोआप बिलात चढवू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगावा. आवाज चढवायची गरज नाही, आणि लाजायची तर मुळीच नाही.

आता अनुभवाकडे येतो.

पहिल्या दोन खेपा एका दिवसाच्या. वस्तीतून बस पहाटे साडेपाचला निघायची. म्हणजे बायका तीनला उठलेल्या. चपात्या, सुकी भाजी, चटणी, अंडी. अशा पार्कांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, हे सर्वांना माहीत. तरी डबे होतेच, कारण सकाळचे बसमध्ये आणि रात्रीचे परतीच्या वाटेवर खायचे. पार्क काही सकाळी सातला उघडत नाही. साडेदहा-अकरापर्यंत दाराबाहेर मुले कंटाळतात. एकदा आत गेले की मात्र दिवस कसा जातो कळत नाही. नायट्रोवर तरुण पोरे ओरडून घसा बसवून घेतात. राजासॉरसच्या होडीत सगळे भिजतात. (हा प्राणी केवळ कल्पनेतला नव्हे बरे. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत त्याची हाडे सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिले. मुलांना सांगा, म्हणजे होडीतून उतरल्यावर ती पुस्तकात शोधतील.) मोठ्या झोक्यांपाशी उंची मोजायची पट्टी असते. त्या पट्टीखाली दोन बोटांनी कमी पडलेल्या माझ्या भाच्याचा चेहरा अजून आठवतो. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी ती आधीच भिंतीला उभी करून मोजावीत आणि पार्काला विचारून घ्यावे, म्हणजे दारात रडारड होत नाही. वयस्कर माणसांसाठी 'आय फॉर इंडिया' उत्तम. खुर्चीत बसायचे आणि पडद्यावर सारा देश वरून पाहायचा, जणू विमानातून.

रात्री आठच्या पुढे बस निघायची. रविवार असेल तर द्रुतगती मार्गावर मुंबईकडे येणाऱ्या मोटारींची रांग. खालापूरच्या टोलनाक्यापासून कळंबोलीपर्यंत किती वेळ लागेल याचा नेम नाही. मुले झोपतात. पुरुष घोरतात. बायका मांडीवर मूल घेऊन जाग्या. साडेबाराला घर, मग ओले कपडे पिळून वाळत घालणे, डबे घासणे. माझी अक्का एका खासगी दवाखान्यात आया आहे. दुसऱ्या सहलीनंतर ती दीडला झोपली आणि साडेपाचला पुन्हा ड्युटीला निघाली. सहलीच्या जमाखर्चात बसभाडे, तिकिटे, चहापाणी हे सगळे मी लिहिले होते. अक्काचे ते तास लिहायला खतावणीत रकाना नव्हता.

म्हणून तिसऱ्या खेपेला राहायचे ठरवले. आई, अक्का, तिची दोन मुले, आम्ही नवरा-बायको आणि आमची मुलगी. दोन खोल्या. अर्थात आधी स्वस्त पर्याय पाहिले. घाटाखाली आणि घाटावर लॉज पुष्कळ आहेत, भाडे निम्म्याहून कमी असते. पूर्वी अशा एका लॉजवर (नाव घेत नाही) आम्ही उतरलो होतो. गरम पाणी सकाळी सात ते आठ, तेही बादलीने. चादर अशी की अक्काने स्वतःच्या साड्या अंथरल्या. सगळेच लॉज तसे नसतात. पण लॉजपासून पार्कापर्यंत रिक्षा, परत रिक्षा, शिवाय जेवण बाहेर, हे सारे धरले की निम्मे भाडे निम्मे राहत नाही. स्वतःचे वाहन असणाऱ्यांना लॉज परवडतो. बसने-लोकलने येणाऱ्यांनी कागदावर बेरीज करून पाहावी.

आम्ही सप्टेंबरातला सोमवार-मंगळवार धरला. शाळेला एक दिवस दांडी पडली, पण भाव बराच उतरलेला असतो. पावसाळ्याचा धोका सांगतो. खोपोलीचा पाऊस सरळ घाटावर आपटून खाली येतो. जोराचा पाऊस किंवा विजा असतील तर उघड्यावरचे झोके थांबवतात. जून-जुलैपेक्षा सप्टेंबरचा उत्तरार्ध बरा.

दुसरी गोष्ट क्रमाची, आणि माझ्या मते पैशाची किंमत वसूल होण्याचे खरे कुलूप येथेच आहे. बहुतेक लोक आधी पार्क फिरतात आणि दमून रात्री खोलीवर येतात. खोली साधारण दुपारी दोन-तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. म्हणजे एकवीस तासांचे भाडे. रात्री नऊला आलात, साडेदहाला झोपलात, सातला उठलात, नाश्ता करून बाहेर पडलात, तर जागेपणी खोली वापरली चार-पाच तास. पोहण्याचा तलाव, बाग, खिडकीतला डोंगर, या सगळ्याचे पैसे भरले आणि पाहिले काहीच नाही. आम्ही उलट केले. सोमवारी दुपारी घरून जेवून निघालो. त्यासाठी कोणाला तीनला उठावे लागले नाही. तीनला खोली घेतली. मुले तलावात, आई खिडकीपाशी. मंगळवारी सकाळी भरपेट नाश्ता, खोली सोडून सामान हॉटेलातच ठेवले आणि चालत पार्काच्या दारात. पहिल्या दीड-दोन तासांत रांगा लहान असतात. नायट्रो, राजासॉरस तेव्हाच आटोपले. दुपारी ऊन चढल्यावर आईला सावलीच्या ठिकाणी बसवले. संध्याकाळी सहाला निघून दहाच्या आत घरी. अक्काची बुधवारची ड्युटी होती. ती सात तास झोपून गेली.

पार्कातून पूर्ण सूट देत नाहीत, पण खोली आणि तिकीट एकत्र असे 'पॅकेज' असते. ते घेताना तिकिटाची त्या दिवसाची सुटी किंमत आधी वजा करून पाहा. उरते ती खोलीची खरी किंमत. कधी ती खूप कमी निघते, कधी वेगवेगळे घेतलेले बरे पडते. नाश्ता धरला आहे की नाही, हेही पाहा. सात माणसांचा नाश्ता वेगळा घ्यायचा म्हणजे लहानसहान खर्च नव्हे. धरलेला असेल तर साडेनऊला सावकाश करावा. मग तीनपर्यंत पार्कातल्या महाग जेवणाकडे पोरे वळत नाहीत.

आता हॉटेलातले दोन प्रसंग सांगतो. पहिला दारातला. काचेचे मोठे दार, आत चकचकीत फरशी, थंड हवा. आई दारापाशी थांबली आणि मला म्हणाली, "अरे, चपला इथंच काढायच्या का?" दारावरच्या मुलाने ऐकले. तो हसला नाही. "नाही आजी, या ना तशाच," म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. आईने पिशवी सोडली नाही, तो भाग वेगळा. त्यात तिच्या गोळ्या होत्या. अनेक घरांत माणसे पैसा नाही म्हणून नव्हे, तर या काचेच्या दाराला बिचकून मागे फिरतात. पैसे भरून आत जाणारा तो पाहुणा, त्याच्या कपड्याकडे पाहायचे कारण नाही, हे चांगल्या हॉटेलच्या नोकराला शिकवलेले असते. ते आपणही शिकले पाहिजे.

दुसरा मंगळवारी सकाळचा. अक्का पाचला जागी झाली, सवयीने. आम्ही उठायच्या आत तिने दोन्ही पलंगांच्या चादरी ताणून कोपरे दुमडले, दवाखान्यात दुमडतात तसे. न्हाणीघर पुसले. साडेनऊला खोली आवरायला एक मुलगी आली. जवळच्याच गावची, विशी-बाविशीची. पलंगाकडे पाहून म्हणाली, "मावशी, हे तुम्ही केलंत? मग मी काय करू?" अक्का म्हणाली, "अगं, मीही हेच करते. तेवीस वर्षं झाली." मग दोघी कोपरा कसा दुमडायचा यावर बोलत बसल्या. त्या मुलीची पद्धत निराळी होती. तिने पलंग उलगडला आणि पुन्हा आपल्या पद्धतीने घातला. अक्का खुर्चीत बसून पाहत होती. माझ्या पत्नीने नंतर सांगितले की अक्का पाहता पाहता खुर्चीतच झोपली आणि त्या मुलीने यंत्र न लावता हाताने केर काढला. निघताना अक्काने स्वतःच्या पाकिटातून शंभराची नोट उशीखाली ठेवली. मला सांगितले नाही, मी पाहिले.

हिशोबाची वही पाहिली तर त्या खेपेला माणशी खर्च एका दिवसाच्या सहलीच्या दुपटीहून थोडा जास्त आला. मुलांना विचाराल तर त्यांच्या आनंदात फार फरक नाही. त्यांना झोके हवे असतात, झोप ती बसमध्येही काढतात. म्हणून 'मुलांसाठी राहतो' असे कोणी म्हणाले की मी त्याला थांबवतो. तरुण नवरा-बायको असतील, सुट्टी दुसऱ्या दिवशीही असेल, तर बिनघोर रात्री परता. वाचलेल्या पैशात मुलांची वर्षाची वह्या-पुस्तके येतील. दोन्ही पार्के दोन दिवसांत करायची असतील, घरात सत्तरीची आई किंवा अंगावरचे मूल असेल, किंवा घरातली बाई दुसऱ्या दिवशी कामावर जाणारी असेल, तर राहण्याचा खर्च वायफळ समजू नका. पण त्यासाठी कर्ज काढू नका. पतपेढीचा माणूस असून हे सांगतो. वर्षभर दर महिन्याला आवर्ती ठेवीत थोडे थोडे टाका. तेवढ्यात एक रात्र होते.

आणि जाहिरातीत लिहिलेल्या सवलतींवर डोळे झाकून विश्वास नको. अमेरिकेतल्या त्याच डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना २००५ पासून विमानतळावरून फुकट बस होती; ती २०२१ अखेरीस बंद झाली. रांग टाळण्याची फुकट चिठ्ठीही २०२१ मध्ये गेली आणि त्या जागी पैसे भरायची रांग आली. सकाळी अर्धा तास आधी आत सोडण्याची सोय मात्र आहे. सवलती येतात-जातात, म्हणून आपण जाऊ त्या तारखेला काय मिळेल तेच विचारावे.

मालकांचे हिशोब तरी कुठे नेहमी जुळतात? पॅरिसजवळचे डिस्ने पार्क एप्रिल १९९२ मध्ये उघडले तेव्हा एकदम सहा हॉटेले आणि एक छावणी, असा पसारा मांडला. फ्रेंच माणसाने गोराईच्या मुंबईकरासारखे केले. सकाळी आगगाडीने आला, दिवसभर फिरला, रात्री पॅरिसला परत गेला. पहिल्याच हिवाळ्यात एक हॉटेल बंद ठेवावे लागले आणि १९९४ मध्ये बँकांना बसवून कर्जाची फेरमांडणी करावी लागली. खोल्या बांधण्याआधी गिऱ्हाईक रात्री राहणार का, हे विचारायचे राहून गेले की असे होते. आणि खोल्या रिकाम्या राहिल्या की भाव उतरतो. सोमवार ते गुरुवार, परीक्षांचे दिवस, पावसाळ्याची अखेर. आपल्यासारख्यांनी हीच वेळ साधावी.

यंदा पतपेढीची सहल जानेवारीत, मंगळवारी आहे. बेचाळीस नावे आली. त्यांतली पाच कुटुंबे आदल्या दिवशी जाऊन राहणार आहेत, बाकीची बसने येऊन रात्री परततील. राहणाऱ्या पाचांतली तीन नावे बायकांनी स्वतः येऊन लिहिली. त्यांतली एक आमच्या गल्लीत पोळीभाजी केंद्र चालवते. तिने पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि विचारले, "भाऊ, खोलीत चहाची किटली असते म्हणे. साखर-पत्ती घरून आणू का?" ती तिथे ठेवलेली असते, असे मी सांगितले. "आणि सकाळचा नाश्ता किती वाजता करायचा असतो?" आपल्याला करायचा नसतो, नुसता खायला जायचा, म्हटले. साडेसातपासून दहापर्यंत कधीही. तिने ते पावतीच्या मागे लिहून घेतले.